खारपाणपट्ट्यातल्या गावासाठी आरओऐवजी इलेक्ट्रोडायलिसिस चालेल का?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, गाव पूर्णेच्या काठाले, म्हणजे अस्सल खारपाणपट्टा. ज्यांनी हा भाग पायला नाई त्यांच्यासाठी सांगतो, अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूनं हा पट्टा पसरला हाय, बोअर कुठंबी मारा पाणी खारंच लागते. डाळ शिजत नाई, साबणाले फेस येत नाई, मुतखड्याचा पेशंट नाई असं घर आमच्या गावात शोधा लागते. प्रादेशिक योजनेचं पाणी कधी आठ दिवसांनी येते कधी बारा, तवर लोकं पिणार काय.

सहा वर्षांआधी ग्रामपंचायतीनं आरओ बसवला होता, कार्ड टाकून २० लिटर घ्याचं. पयलं वर्ष झकास चाललं. मंग मेम्ब्रेन (आतला गाळणीचा पडदा) जाम व्हाले लागले, पाणी कमी कमी होत गेलं, शेवटी शेवटी १०० लिटर आत घातलं की ४० लिटर गोडं आन ६० लिटर रिजेक्ट, म्हणजे टाकून द्याचं जास्त खारं पाणी. ते रिजेक्ट नाल्यात सोडलं होतं आन नाला माझ्या काकाच्या शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) जाते. दोन वर्षांत धुऱ्याकडच्या आठ-दहा तासांवर (पेरणीच्या ओळींवर) पांढरा थर आला, तूर उगवूनच येत नाई तिथं, अजूनही नाई. मी सवता ती माती हातात घेऊन पायली, वाळली की दगड आन भिजली की लोण्यासारखी चिकट. ज्यांनी प्लांट लावला त्यांनी फोन उचलणं बंद केलं, दीड वर्षापासून कुलूप हाय.

आता पंचायतीत पुन्हा विषय निघाला, रोज १० हजार लिटर गोडं पाणी पायजे, नुस्तं पिण्या-स्वयंपाकासाठी. आरओ म्हटलं की लोकं नाई म्हणतात. मी वाचलं की विजेनं पाण्यातून मीठ ओढून काढाची पद्धत हाय, इलेक्ट्रोडायलिसिस, आन त्यात पाणी कमी वाया जाते. हे गावाच्या मापाले खरंच जमते का फक्त प्रयोगशाळेत? आन दुसरं, मागच्या महिन्यात एक विक्रेता आला होता, त्यानं दोन ग्लासांत चार सळ्या बुडवून करंट सोडला, आमच्या बोअरचं पाणी दोन मिनिटांत काळंपिवळं झालं, वर फेस आला, आन त्याच्या आरओचं पाणी जसंच्या तसं राह्यलं. बाया लय घाबरल्या, काहींनी त्याच दिवशी पैसे भरले. हे पण विजेचंच काम, मंग याचा त्याचा काही संबंध हाय का? जाणकारांनी सविस्तर सांगा, घाई नाई.

क्षारकण

भाऊ, तुमच्या काकांच्या धुऱ्याचं वाचून वाईट वाटलं. कारण या सगळ्या विषयात रिजेक्टचं काय करायचं हा पहिला प्रश्न असायला हवा आणि तोच कुणी विचारत नाही. मी अकरा वर्षं इलेक्ट्रोडायलिसिसच्या प्लांटवर काम केलंय, आधी ऑपरेटर म्हणून मग मेंटेनन्सला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आरओमध्ये आपण पंपाच्या जोरावर पाणी जाळीपलीकडे ढकलतो आणि मीठ अलीकडे राहतं. इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये उलटं, पाणी आपल्या वाटेनं वाहत राहतं आणि मीठच बाजूला ओढलं जातं. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम धन भाराचा आणि क्लोराईड ऋण भाराचा असे सुटे होतात. दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड आणि मध्ये पातळ पडद्यांची चळत, एक पडदा फक्त धन आयन सोडणारा, पुढचा फक्त ऋण सोडणारा, पुन्हा धनवाला, असे शेकडो. दोन पडद्यांमध्ये प्लॅस्टिकची जाळी, तिच्यातून पाणी फिरतं. डीसी करंट लावला की सोडियम एका बाजूला धावतो, क्लोराईड दुसऱ्या बाजूला, आणि पडद्यांच्या अडवणुकीमुळे एकाआड एक खण गोडा होतो, त्याच्या शेजारचा खारट. या अख्ख्या चळतीला आम्ही स्टॅक म्हणतो.

हे नवीन काही नाही, लोक उगाच लॅबमधली गोष्ट समजतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कोलिंगा नावाचं गाव आहे, जमिनीखालचं पाणी तुमच्यासारखंच खारं, पिण्याचं पाणी रेल्वेच्या टँकरनं यायचं (आपल्याकडे २०१६ ला मिरजेहून लातूरला गाडी गेली होती तसंच, फक्त तिथं ते वर्षानुवर्षं चालू होतं). तिथं १९५९ मध्ये इलेक्ट्रोडायलिसिसचा प्लांट लागला, दिवसाला साधारण लाखभर लिटरचा. जपाननं तर १९७२ पर्यंत खायचं मीठ मिठागरांतून काढणं सोडून याच पडद्यांवर आणलं, म्हणजे त्यांना गोडं पाणी नको होतं, खारट खणातलं पाणीच हवं होतं. आपल्या देशात भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संस्थेनं पडद्यांवर खूप वर्षं काम केलंय. आणि जळगावच्या जैन इरिगेशननं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबरोबर मिळून सोलरवर चालणारं यंत्र केलं, त्याला २०१५ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेचं डिसॅल प्राइझ मिळालं, पहिला नंबर. ते यंत्र खाऱ्या भूजलाच्या खेड्यांसाठीच होतं.

आता पडदे जाम होण्याचं. कॅल्शियमचा थर इथंही बसतो, खारट खणात तर जास्तच. त्यावर तोड म्हणजे दर १५-२० मिनिटांनी करंटची दिशा उलटी करायची, धनचा ऋण करायचा, मग गोडा खण खारट होतो आणि खारट गोडा, बसायला लागलेला थर सुटून धुतला जातो. याला रिव्हर्सल म्हणतात, ईडीआर म्हणतात ते हेच. उलटं झाल्यावर पहिलं एक-दोन मिनिटांचं पाणी सोडून द्यावं लागतं. स्टॅकच्या बगलेतून पाणी थोडं झिरपतंच, वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, आणि ती ओली बाजू करंटवर असते, म्हणून ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगायचं की चालू स्टॅकला हात नाही आणि समोर गार्ड काढायचा नाही. माझ्या देखत एकाला झटका बसलाय, वाचला, पण मनगट काळंनिळं पडलं होतं.

तुमचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किती, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) किती, नायट्रेट किती ते टाका. नुसतं खारं म्हणून उत्तर देता येणार नाही.

वरोऱ्याची_ताई

दादा, त्या सळ्यांच्या प्रयोगाचं मी सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्या गावातही असाच एकजण आला होता.

त्या चार सळ्यांपैकी दोन लोखंडाच्या असतात, दोन ॲल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि लोखंडाची सळीच विरघळायला लागते, ते लोखंड पाण्यात जाऊन गंजाच्या रंगाचा साका होतो. म्हणजे जे काळंपिवळं दिसलं ती तुमच्या पाण्यातली घाण नाहीच, सळी झिजून आलेला गंज आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, करंटच वाहत नाही, म्हणून काही होत नाही. मी वर्गात मुलांसमोर करून दाखवलं, त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर खायचं मीठ टाकलं आणि सळ्या बुडवल्या, तेही लगेच पिवळं झालं. पोरांनी घरी जाऊन आयांना सांगितलं. तुमच्याही बायाबापड्यांना एवढं करून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. घाबरवून पैसे घेणं फार वाईट आहे हो, त्यात आयाबाया फसतात कारण त्यांना लेकरांची काळजी असते.

पण तीच क्रिया नीट वापरली तर औषध आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाण्यात फ्लोराईड, पोरांचे दात पिवळे आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकलेली. नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं ॲल्युमिनियमच्या प्लेटा पाण्यात बुडवून करंट देऊन फ्लोराईड काढायची पद्धत केली, सोलरवर. प्लेट झिजते, तिचा साका फ्लोराईडला धरून खाली बसतो. बंगालमध्ये आर्सेनिकसाठी लोखंडाच्या प्लेटा वापरून असंच केलंय, अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांच्या गटानं, धपधपी नावाच्या गावातल्या शाळेत, दिवसाला १० हजार लिटरचा प्लांट. म्हणजे तुम्हाला पाहिजे तेवढाच!

फक्त गोंधळ करू नका. याला इलेक्ट्रोकोअ‍ॅग्युलेशन म्हणतात आणि यानं खारेपणा कमी होत नाही. तुमचा त्रास मिठाचा आहे, तुम्हाला पडदेवालंच लागणार.

अकोला_आरओ_सर्व्हिस

मी आरओचंच काम करतो, वीस वर्षं झाली, म्हणून माझं बोलणं एकतर्फी वाटेल पण ऐकून घ्या. वरच्या साहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे, तरी गावात प्लांट बंद पडतो तो तंत्रामुळं नाही, माणसामुळं पडतो. तुमच्या जुन्या प्लांटला अँटिस्केलंट डोसिंग, म्हणजे थर बसू नये म्हणून पाण्यात केमिकल सोडणं, होतं का? बहुतेक पहिल्या वर्षानंतर केमिकल आणणंच बंद झालं असेल, मी असे कितीतरी पाहिले, डोसिंग पंप कोरडा फिरतोय आणि कुणाला पत्ता नाही. पाणी घटलं की ऑपरेटर प्रेशर वाढवतो आणि मेम्ब्रेन आणखी लवकर मरतं. नीट चालवला तर आरओमध्येसुद्धा तुमच्या पाण्यावर ६०-७० टक्के गोडं मिळू शकतं, ४० टक्के हे आजारी प्लांटचं लक्षण आहे.

दुसरं म्हणजे स्पेअर. आरओचं मेम्ब्रेन अकोल्यात सकाळी मागितलं तर संध्याकाळी तुमच्या गावात पोचतं. इलेक्ट्रोडायलिसिसचा पडदा फाटला किंवा डीसी सप्लाय जळला तर कुठून आणणार, किती दिवस गाव थांबणार? तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्या पद्धतीत पाणी पडद्यातून जातच नाही, त्यामुळे जंतू गोड्या पाण्यात तसेच राहतात. फवारणीचं औषध उतरलं असेल तर तेही राहतं, कारण त्यातल्या बऱ्याच औषधांना भार नसतो. आरओ निदान त्यातलं बरंच अडवतो.

क्षारकण

सर्व्हिसवाल्या दादांचे तिन्ही मुद्दे मान्य, तिसरा तर शंभर टक्के. वीज फक्त भार असलेल्यांनाच ओढते. जंतू, सिलिका, बरीचशी कीटकनाशकं जशीच्या तशी येतात, म्हणून ईडीआरनंतर क्लोरीन पाहिजेच, आणि कपाशीच्या भागात कीटकनाशकाची तपासणी करून गरज असेल तर कार्बन फिल्टर. सिलिकाचं मात्र उलटं बरं आहे, आरओत तिचा थर चढतो तो ॲसिडनंही सुटत नाही, इथं ती गोड्या पाण्याबरोबर निघून जाते आणि पिण्याला तिचा त्रास नाही.

पूर्णाकाठ

ताई, आजच शाळेत मिठाचा प्रयोग करून दाखवला, लय उपकार झाले तुमचे. दोघीजणींनी त्याले फोन करून पैसे परत मागतले हायेत, पाहू.

दादा, डोसिंगचं तुम्ही म्हणता तसंच होतं, निळा ड्रम कोरडाच पडला हाय अजून तिथं.

जुना रिपोर्ट सापडला, दोन वर्षांआधीचा उन्हाळ्यातला. टीडीएस २६८०, क्लोराईड ९४०, हार्डनेस ४१०, नायट्रेट ६२, फ्लोराईड १.१, सिलिका ३८. सगळं मिलिग्रॅम लिटरमागे. आन एक विचारतो, मुंबईत समुद्राचं पाणी गोडं कराचं चाललं होतं मनोरीले, तिथं हे काहून वापरत नाई?

क्षारकण

छान, आता हिशेब करता येतो. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला ४५ च्या वर सूट नाही, म्हणजे तुमचं ६२ हे खारेपणाइतकंच गंभीर आहे, बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी खास करून. नायट्रेटला भार असतो, तो पडद्यातून व्यवस्थित जातो.

तुम्हाला २६८० वरून ५०० वर आणायचंय. हजार लिटरमागे साधारण ३५ मोल (आयन मोजायचं रसायनातलं माप) भार हलवायचा, एका मोलला २६.८ अँपिअर-तास, म्हणजे ९४० च्या आसपास. स्टॅकमधल्या प्रत्येक जोडीवर अर्धा-पाऊण व्होल्ट, गळती धरून हजार लिटरला पाऊण युनिट म्हणू. वर पंपांचं अर्धं. तर सव्वा युनिट. सरळ सांगतो, चांगल्या आरओपेक्षा यात फार मोठी बचत नाही, जे लोक विजेवरून हे विकतात ते तुमच्या टीडीएसला थोडं वाढवूनच सांगतात. पाणी हजार-दीड हजारचं असतं तर फरक ठसठशीत दिसला असता. कारण इथं वीज मिठाच्या प्रमाणात लागते, जेवढं मीठ काढायचं तेवढाच करंट. समुद्राचं यावरूनच कळेल, ३५ हजार टीडीएस, हाच हिशेब केला तर हजार लिटरला नऊ-दहा युनिट नुसत्या स्टॅकला, आणि आरओ तेच काम तीन-चार युनिटमध्ये करतो. मनोरीला आरओच बरोबर आहे.

खरा फरक रिजेक्टमध्ये आहे. तुम्हाला गोडं पाणी १० हजार लिटर हवं. दादा म्हणतात ते ६०-७० टक्के पहिल्या वर्षी मिळेल, पण गावातल्या हाताखाली आरओ निम्म्यावर टिकला तरी मी त्याला चांगला म्हणेन. म्हणजे बोअरमधून २० हजार उपसायचे, १० हजार फेकायचे. ईडीआरमध्ये तुमच्या हार्डनेसला मी ८० टक्क्यांच्या वर जाणार नाही, कागदावर ८५-९० लिहितात पण खारट खणात ४१० चे दोन हजार होतात आणि थर बसतोच. ८० टक्क्यांना १२,५०० उपसायचे आणि २,५०० फेकायचे. आता मिठाकडे बघा. मीठ पाण्याबरोबर वर येतं, जेवढं जास्त उपसाल तेवढं जास्त मीठ जमिनीवर. आरओच्या रिजेक्टमधून रोज ५२ किलो क्षार बाहेर पडणार, ईडीआरमधून साडेअठ्ठावीस. वर्षाला १९ टन विरुद्ध साडेदहा टन. काकांच्या धुऱ्यावर हेच जाऊन बसलंय.

नाल्यात दोन्हीपैकी एकही सोडायचं नाही. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून उथळ तळं करायचं आणि उन्हात आटवायचं. पाऊस वजा करून वर्षभराची सरासरी दिवसाला ३ मिलिमीटर आटतं असं धरलं तर ईडीआरला आठ-सव्वाआठ गुंठे लागतील, आरओला तेहेतीस. तुमच्या पंचायतीकडे आठ गुंठे गावठाण निघेल, तेहेतीस निघेल का?

आणि टीडीएस ५० पर्यंत खाली न्यायच्या नादाला लागू नका. पाणी जसं गोडं होत जातं तसा त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, एका मर्यादेनंतर करंट मीठ ओढायच्या ऐवजी पाणीच फोडायला लागतो, पीएच बिघडतो, थर बसतो. ४५० वर थांबवलं की स्टॅकही सुखी आणि पाण्याला चवही राहते.

लोब्रेगातकाठी

मी पुण्याची, बार्सिलोनात राहते नोकरीसाठी. मोठ्या प्रमाणावर चालतं का या प्रश्नाला इथलं उदाहरण देते. लोब्रेगात नदीच्या वरच्या अंगाला पोटॅशच्या खाणी आहेत, त्यामुळे नदीच्या पाण्यात क्षार आणि ब्रोमाईड. ब्रोमाईडच्या पाण्यात क्लोरीन टाकला की ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगं तयार होतात, म्हणून इथं आब्रेराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ईडीआर लावलंय, २००९ च्या सुमारास सुरू झालं, क्षमता दिवसाला २० कोटी लिटर. शेकडो स्टॅक ओळीनं उभे आहेत. इथल्या जुन्या लोकांना अजून बाटलीचं पाणी घ्यायची सवय आहे, नळाच्या पाण्याची चव पूर्वी फार वाईट होती म्हणतात. हे नगरपालिकांना पाणी देणारं केंद्र आहे, तिथं चोवीस तास इंजिनिअर असतात, गावाची तुलना तशी होणार नाही, पण लॅबमधली गोष्ट नक्की नाही.

वाळूज_युटिलिटी

आमच्या फार्मा प्लांटमध्ये आरओनंतर उरलेसुरले क्षार काढायला ईडीआय असतं, तेही याच कुळातलं, पडद्यांमध्ये रेझिन (आयन धरणारे बारीक मणी) भरलेलं. स्पेअरच्या मुद्द्यावर एक सांगू का, डीसी सप्लाय ही काही दुर्मिळ वस्तू नाही, संभाजीनगरात प्लेटिंगच्या कारखान्यांत रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं यंत्र) दुरुस्त करणारे बसलेत, ते हेही करतील, फक्त सर्किट ड्रॉइंग टेंडरमध्येच मागून घ्या, नंतर कुणी देत नाही. पडद्यांच्या दहा-वीस जोड्या आणि इलेक्ट्रोडचा एक सेट पहिल्याच दिवशी कपाटात ठेवायला लावा. आणि इलेक्ट्रोडच्या खणातून हायड्रोजन आणि थोडा क्लोरीन निघतो, तो पाइप छतावरून बाहेर काढा. खोली बंद ठेवून वर देवाजवळ दिवा लावणारे ऑपरेटर मी पाहिलेत, जीव जाईल.

अकोला_आरओ_सर्व्हिस

मिठाच्या टनांचा हिशेब मी कधी असा केला नव्हता. वीस वर्षांत किती प्लांट लावले ते आठवून रात्री झोप लागली नाही. तेहेतीस गुंठे कुठलीच पंचायत देणार नाही हे खरं आहे, म्हणून सगळे नाल्यातच सोडतात.

भाऊ, ऑपरेटरचा पगार आणि केमिकलचे पैसे पाणीपट्टीतून वेगळ्या खात्यात जातील असा ठराव आधी करा, मग मशीन कुठलंही घ्या. आणि दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर टेंडर काढू नका. आत्ता एक नमुना आणि पावसाळ्यानंतर एक. बोअर अर्धा तास चालवून मगच बाटली भरा, काठोकाठ, आत हवा नको, आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा. जंतूच्या तपासणीची बाटली वेगळी, ती लॅबमधूनच निर्जंतुक केलेली आणा. अकोल्याला येणार असाल तर मला सांगा, मी स्टँडवर घ्यायला येतो. ईडीआर लागलंच तर तुमच्या गावच्या ऑपरेटर पोराबरोबर मलाही शिकायचंय.

पूर्णाकाठ

वाचून वाचून तीनदा वाचलं सगळं. काल संध्याकाळी पंचायतीत साडेदहा टन आन एकोणीस टन हे दोन आकडे फळ्यावर लिहिले, काका मागं बसले होते, ते उठून पुढं आले आन म्हणे आठ गुंठे मी देतो, तसंही त्या तुकड्यात आता काही येत नाई, फक्त खाली प्लॅस्टिक चांगलं टाका. सरपंच म्हणे आधी तपासणी.

सध्या आमच्याकडं शेतीची लाइन पहाटे ४ ले येते. उद्या चारले बोअर सुरू करतो, साडेचारले बाटल्या भरतो आन सहाच्या गाडीनं निघतो. दादा, आठपर्यंत स्टँडवर पोचीन.